तुर्काच्या घरची सून

तिसा नदीकाठच्या सेगेड शहरात, खालच्या पेठेत बोर्चोक आडनावाची घरं इतकी होती, की नुसतं आडनाव सांगून कुणी कुणाला सापडत नसे. म्हणून प्रत्येक घराला एकेक नाव चिकटलेलं होतं. लसूण बोर्चोक, बहिरे बोर्चोक, विहिरीवरचे बोर्चोक. आम्ब्रुशच्या घराला सगळे तुर्क बोर्चोक म्हणायचे. किल्ल्यात तुर्कांची फौज असताना त्यांचा कुणी पूर्वज एका तुर्क उस्तादाच्या हाताखाली सपाता शिवायला शिकला, असं घरात सांगत. खरंखोटं कुणी पाहिलं होतं? पण सपाता मात्र त्या घरात तेव्हापासून आजतागायत शिवल्या जात होत्या, एवढं खरं.

वेरोन या घरात सून म्हणून आली ती वरच्या पेठेतून. तिचा बाप तिसा नदीवरचा कोळी. माहेरी सगळी अनवाणी किंवा रबरी बुटांत. इथं आली तर घरभर मखमलीचे तुकडे, रेशमाच्या लडी, खळीचा वास. सासू आधीच गेलेली होती. घर चालवायची ती नणंद ओर्झे, आम्ब्रुशची थोरली बहीण. पहिल्याच दिवशी तिनं वेरोनला बजावलं, "हे बघ, या घरात बायका भरतकाम करतात. तळ शिवतात ते पुरुष. चामडं टोचायच्या आरीला बाईचा हात लागलेला चालत नाही. तुर्काच्या वेळेपासूनची रीत आहे."

"तुर्क बघायला येणार आहे का?" वेरोननं विचारलं होतं. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि तिची जीभ कोळणीची होती.

ओर्झे ते उत्तर कधी विसरली नाही.

सपाता मोठ्या देखण्या. लाल मखमलीवर गुलाब, पानं, निळी बारीक फुलं, पुढं लोकरीचा गोंडा, मागं उंच टाच, पायाची टाच मात्र उघडी. दोन्ही सपाता अगदी सारख्या, डावी-उजवी असा भेद नाही. बायका आज या पायात घालत ती उद्या त्या पायात, म्हणजे झीज सारखी होई. नाच सुरू झाला की या सपातांचा खाली फरशीवर जो आवाज होई, तो ऐकून म्हातारी माणसंसुद्धा बाकावर बसल्या बसल्या पाय हलवायची. सपातेला ते 'पापुच' म्हणत, आणि बायकोच्या मुठीतल्या नवऱ्यालाही 'पापुच'च म्हणत. त्यामुळे आम्ब्रुशला जन्मभर एकच विनोद ऐकावा लागला. कुणीही दुकानात शिरलं की म्हणणार, "काय आम्ब्रुश, पापुच पापुच शिवतोय का?" आम्ब्रुश हसायचा. त्याला हसणं परवडत होतं, कारण त्याच्या घरात त्याचाच शब्द चाले.

वेरोन तीस वर्षं खिडकीशी बसून गुलाब भरत राहिली. समोर आम्ब्रुश मांडीवर पायाच्या आकाराचा लाकडी फर्मा धरून तळ शिवायचा. सपात उलटी शिवायची, सगळे टाके आतून घालायचे, मग तळ ओला करून ती मोज्यासारखी उलटवायची. उलटवताना आम्ब्रुश श्वास रोखून धरी. वेरोनही रोखून धरी, तिचं तिलाच कळायचं नाही.

मधे युद्ध आलं आणि गेलं. मुलगा मोठा होऊन राजधानीत, पेस्टला, कारखान्यात लागला, तिकडचाच झाला. सरकारनं छोटी दुकानं बंद केली आणि कारागिरांच्या सहकारी संस्था निघाल्या, तेव्हा आम्ब्रुशच्या दुकानाचीही पाटी उतरली. संस्थेत सगळे घरात घालायच्या फेल्टच्या चपला बनवत. मखमलीच्या सपाता करणारा आम्ब्रुश एकटाच उरला होता, म्हणून त्याला घरी बसून काम करायची मुभा मिळाली. नाचाच्या मंडळांना सपाता लागत. देशभर मंडळं निघाली होती, सगळ्यांना गावाकडचे कपडे हवे होते, आणि त्या कपड्यांच्या खाली पाय हे असायचेच.

अशाच एका वसंतात, दुपारचं जेवण होऊन आम्ब्रुश कामाला बसला आणि त्याच्या हातातून चामडं कापायची रापी पडली. ती उचलायला तो वाकला तो तसाच कलंडला. इस्पितळातून महिन्यानं घरी आला तेव्हा पाय ओढत चालत होता, तोंड एका बाजूला गेलं होतं. बोलणं हळूहळू सुधारलं. उजवा हात मात्र काही परत आला नाही. मांडीवर तो ठेवून दिलेल्या वस्तूसारखा पडून राही.

फळीवर एका मंडळाच्या सपाता अर्धवट पडल्या होत्या. भरतकाम झालेलं, तळ लागायचे होते. शनिवारी माणूस न्यायला येणार होता.

"सांगून टाकू त्यांना," वेरोन म्हणाली. "आजारी माणूस आहे. समजतील."

"समजतील, आणि पुढच्या खेपेला येणार नाहीत," आम्ब्रुश म्हणाला. तेव्हा त्याचं बोलणं अजून फक्त तिलाच कळत होतं. "संस्थावाले म्हणतील, काम थांबवा आता. मग मी काय करू? भिंतीकडे बघू?"

त्याचे डोळे भरून आले. तीस वर्षांत तिनं ते पाहिलं नव्हतं. ती उठली, पडदा ओढला आणि त्याच्या तिवईवर बसली. फर्मा मांडीवर घेतला. आरी उचलली. बाईचा हात लागला म्हणून आरीला काही झालं नाही.

पहिली सपात उलटवल्यावर दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"काय केलंस हे? बेडूक शिवलास?" आम्ब्रुश म्हणाला.

"बेडूक तर बेडूक. उड्या मारेल नाचात."

तो हसला. अर्ध्या तोंडानं का होईना, आजारपणानंतर पहिल्यांदा हसला. मग त्यानं डाव्या हातानं तिला टाका दाखवला, चिडला, ओरडला, पुन्हा दाखवला. शनिवारपर्यंत सपाता तयार झाल्या. न्यायला आलेला माणूस म्हणाला, "वा उस्ताद, आजारातून उठलात आणि हात तसाच!" आम्ब्रुशनं मान डोलावली. आतल्या खोलीत वेरोन भाकरीचं पीठ मळत उभी होती. तिच्या बोटांना मेणाच्या दोऱ्यानं चरे पडले होते आणि त्यात मीठ झोंबत होतं.

तेव्हापासून असंच चाललं. सकाळी आम्ब्रुशला उठवायचं, धुवायचं, दाढी करून द्यायची, न्याहारी भरवायची. मग कपडे, चूल, कोंबड्या, अंगण. मग पडदा ओढून तळ. मग खिडकीशी बसून गुलाब, कारण भरतकाम तर तिचंच होतं. कुणी आलं की ती तिवईवरून उठे आणि आम्ब्रुश उजवा हात चामड्याखाली झाकून तिथं बसे. हे उठणं-बसणं इतकं सवयीचं झालं, की दाराची कडी वाजली की दोघं न बोलता जागा बदलत. ओर्झे समोरच राहायची, तिला पहिल्याच महिन्यात कळलं. मग एकदा येऊन म्हणाली, "बाहेर कळता कामा नये. आपल्या घराचं हसं होईल."

"मी कुणाला सांगते?" वेरोन म्हणाली. "मला बोलायला वेळ कुठाय?"

पण पहिली काही वर्षं तिला फार वाटायचं, कुणीतरी विचारावं. पाच ऑगस्टला खालच्या पेठेत मातेची जत्रा भरते. एका वर्षी चर्चसमोरच्या मैदानात मंडळाचा नाच होता. चौदा-पंधरा पोरी लाल सपातांत गिरक्या घेत होत्या, आणि माणसं आम्ब्रुशच्या पाठीवर थाप मारून जात होती. वेरोन शेजारी खसखशीच्या वड्यांचं ताट धरून उभी होती. तिची नजर पोरींच्या तोंडाकडे जातच नव्हती. ती टाके बघत होती. एकही उसवला नव्हता. छातीत काहीतरी भरून आलं, आणि ते ठेवायला जागाच नव्हती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "एकदा तरी सांगा ना कुणाला. एकालाच सांगा."

"काय सांगू?" आम्ब्रुश म्हणाला. "म्हणजे लोक म्हणतील, तुर्क बोर्चोक शेवटी खरोखरच पापुच झाला."

तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. आधी रागानं काढला नाही, मग सवयीनं, आणि पुढं पुढं थकव्यानं. बोटांचे सांधे सुजायला लागले. मान एका बाजूला राहिली. चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की ती झोपून जाई, आणि ओर्झे तिला कोपरानं ढोसे. मनात राग असा उरला नाही. नुसतं आडवं व्हावंसं वाटायचं.

अकरा वर्षं अशी गेल्यावर एक दिवस संग्रहालयातले सेलेश साहेब आले. उंच, वाकलेले, बोलताना चष्मा पुसत राहणारे. चांगला माणूस होता. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "उस्ताद, मोठी बातमी आहे. तुर्कस्तानात आपलं प्रदर्शन जातंय. त्यांच्याकडून आपण काय काय घेतलं आणि त्याचं आपण काय केलं, हे त्यांना दाखवायचंय. तुमच्या सपाता हव्यात. बारा जोड. आणि एक छोटी फिल्म, तुम्ही काम करताना. तिकडच्या एक बाईही येणार आहेत बघायला."

आम्ब्रुशच्या चेहऱ्यावर आनंद आणि भीती एकदमच दिसली. वेरोनला फक्त बारा जोड ऐकू आलं.

ते मे महिन्यात आले. सेलेश साहेब, कॅमेरावाला, दुभाषा, आणि अंकाराहून आलेल्या नेव्हझात बाई. करड्या सूटातल्या, पन्नाशीच्या, घामेजलेल्या. प्रवासानं त्याही दमलेल्या दिसत होत्या. ओर्झे ठेवणीतला काळा झगा घालून आली होती. वेरोननं कॉफी ठेवली, तर ओर्झे कानाशी लागली, "तुर्काला कॉफी आपण पाजायची! नीट कर हो, लाज काढशील."

नेव्हझात बाईंनी फळीवरची सपात उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "पाबुच."

"पापुच!" सगळे एकदम ओरडले आणि हसले. दुभाष्याला काही कामच उरलं नाही. मग बाईंनी खिशावर हात ठेवून शब्द सांगितला, तोही जवळपास इकडच्यासारखाच निघाला. तंबाखूचा विचारला, ब्रशचा विचारला. ओर्झे प्रत्येक शब्दाला टाळी वाजवू लागली. आम्ब्रुशलाही मजा वाटायला लागली.

"विचारा त्यांना," ओर्झे दुभाष्याला म्हणाली, "दीडशे वर्षं राहून गेलात, सपाता इथंच विसरलात, त्या न्यायला आता आलात का?"

बाई खळखळून हसल्या. ओर्झेला जोर चढला. तिनं जत्रेच्या मातेची गोष्ट सुरू केली, तळ्यावर घोड्याला पाणी पाजणाऱ्या तुर्काला मातेचं चित्र कसं सापडलं ती. "म्हणजे आमची माता तुमच्याच घोड्यानं शोधली," तिनं शेवटी सांगून टाकलं. बाईंनी दुभाष्याकडून ते दोनदा ऐकलं. मग त्यांनी ओर्झेचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग कॅमेरावाल्यानं दिवा लावला. "उस्ताद, बसा. तळ शिवताना घेऊ."

ठरलं असं होतं, की आम्ब्रुशनं तिवईवर बसायचं, डाव्या हातात फर्मा धरायचा, उजवा हात मांडीवर चामड्याखाली ठेवायचा आणि इकडचं तिकडचं बोलत राहायचं. पण नेव्हझात बाई खुर्ची ओढून अगदी समोर बसल्या आणि दुभाष्याकरवी म्हणाल्या, "माझी आई म्हातारी आहे. तिच्या लहानपणी आमच्या गल्लीत एक पाबुचवाला होता, त्याच्याबद्दल ती अजून बोलते. मी बघत असताना एक टाका तरी घाला. मी जाऊन तिला सांगेन."

आम्ब्रुशनं आरी डाव्या हातात घेतली. ती चामड्यावरून घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. दिव्याच्या उजेडात त्याच्या कपाळावरचा घाम सगळ्यांना दिसत होता. वेरोन दाराशी कॉफीचं ताट धरून उभी होती, आणि तिच्या मनात एवढंच आलं, की आता हे पुरे.

आम्ब्रुशनं आरी खाली ठेवली.

"वेरोन," तो म्हणाला, "इकडं ये. बस."

"काकू, तुम्ही जरा बाजूला," कॅमेरावाला म्हणाला, "सावली पडतेय तुमची."

"बाजूला तू हो," आम्ब्रुश म्हणाला. "ही शिवते. मी नाही. अकरा वर्षं मी एक टाका घातलेला नाही. तुमच्या मंडळांच्या पायांत आहेत त्या सगळ्या हिच्या आहेत. तळ हिचे, गुलाब हिचे. माझं फक्त नाव आहे."

"आम्ब्रुश!" ओर्झे किंचाळली. "परक्या माणसांसमोर! आपल्या घराची..."

"आक्का, गप्प बस. घर हिनंच धरलंय."

दुभाषा बिचारा हळू आवाजात सगळं सांगत होता. वेरोननं ताट ठेवलं, एप्रनला हात पुसले आणि तिवईवर बसली. फर्मा घेतला, दोऱ्याला मेण लावलं आणि टाके घालायला लागली. बोलायचं काय होतं? नेव्हझात बाई पुढं झुकून बघत राहिल्या. तळ ओला करून वेरोननं सपात उलटवली तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला होता. ती मात्र सावकाश श्वास घेत होती.

सेलेश साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, आम्हाला काहीच कल्पना नव्हती. आता सगळीकडे तुमचं नाव लागेल. प्रदर्शनात, फिल्ममध्ये. मी स्वतः बघतो. सरकारी सन्मानासाठीही..."

"नको," वेरोन म्हणाली.

"नको म्हणजे?"

"नाव लावाल तर माणसं माझ्याकडं येतील. आणखी सपाता मागतील. हे बारा जोड मी करते, तुम्हाला शब्द दिलाय म्हणून. त्यापुढं नाही. मी दमलेय, साहेब."

दुभाष्यानं हे नेव्हझात बाईंना सांगितलं की नाही, कोण जाणे. पण जाताना त्यांनी वेरोनचे दोन्ही हात उलटे करून पाहिले आणि आपल्या कपाळाला लावले.

सगळे गेल्यावर आम्ब्रुश दुखावल्या आवाजात म्हणाला, "एवढं मी बोललो. सगळ्यांसमोर बोललो. आणि तू नको म्हणालीस."

"बरं बोललात."

"मग?"

"अहो, जत्रेच्या दिवशी बोलला असतात ना, तर मी त्या पोरींबरोबर नाचले असते." ती बूट काढून घमेल्यात पाय सोडून बसली होती. पाण्यात मीठ टाकलेलं होतं. "तेव्हा मला हवं होतं. आता नाव आणून दिलंत तर मी ते ठेवू कुठं? मला झोप हवीय."

"रागावलीस?"

"नाही हो. राग यायलासुद्धा ताकद लागते."

आम्ब्रुश पाय ओढत आला. डाव्या हातानं त्यानं किटली उचलली आणि घमेल्यात गरम पाणी ओतलं. निम्मं जमिनीवर सांडलं. ते पुसायला ती उठायला लागली, तर तो म्हणाला, "बस. मी पुसतो." आणि त्यानं खरंच पुसलं. एका हातानं, फार वाईट पुसलं.

बारा जोड पूर्ण व्हायला जुलै उजाडला. सेलेश साहेबांनी तिचं ऐकलं आणि ऐकलंही नाही. पेटीवरच्या चिठ्ठीवर त्यांनी दोघांची नावं लिहिली, पण नव्या मागण्या सगळ्या परस्पर संस्थेकडे वळवल्या. संस्थेनं दोन तरुण बायका शिकायला पाठवल्या. वेरोन खुर्चीत बसून सांगायची, त्या तिवईवर बसून शिवायच्या. एक महिनाभरात पळाली. दुसरी टिकली. तिचे टाके जरा मोठे पडायचे, पण वेरोननं ते उसवून दाखवायचं सोडून दिलं होतं. तिला वाटायचं, पडू देत मोठे.

शरद ऋतूत फिल्म सेगेडला आली. मुख्य सिनेमाच्या आधी दहा मिनिटं दाखवायचे. खालच्या पेठेतली अर्धी माणसं गेली. ओर्झेनं तिघांसाठी पुढच्या रांगेतल्या जागा धरल्या. थिएटरात शेगडी चांगली पेटवली होती, खुर्च्या मऊ होत्या. दिवे गेले, वाद्यं वाजली, पडद्यावर तिसा नदी आली, मग जुनी मशिदीची कमान, मग तुर्की हमामातली वाफ. वेरोननं ती वाफ पाहिली आणि तिची मान खाली आली.

मग पडद्यावर दोन हात आले. नुसते हात, सुजल्या सांध्यांचे, मेणानं पिवळे पडलेले. फर्मा धरत होते, दोरा ओढत होते. मागून आवाज सांगत होता, तुर्कांपासून चालत आलेली ही कला, वगैरे. ओर्झेला राहवलं नाही. चाळीस वर्षं जिला टोमणे मारले, तिच्यासाठी ती भर अंधारात उभी राहून ओरडली, "आमच्या भावजयीचे हात आहेत ते! आमच्या वेरोनचे!" मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या. ओर्झे वळून वेरोनला हलवायला गेली, तर आम्ब्रुशनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"राहू दे, आक्का. झोपलीय ती."

"अरे पण टाळ्या..."

"झोपू दे म्हणतो ना."

सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा वेरोन जागी झाली. फिल्म झाली का, असं तिनं विचारलं. झाली म्हणाले. चांगली होती का? चांगली होती.

आम्ब्रुश त्यानंतर दोन हिवाळे जगला. त्याच्यामागं वेरोननं खालच्या पेठेतलं घर सोडलं आणि माकोला धाकट्या बहिणीकडं राहायला गेली. माको कांद्यांचं गाव. तिथं सगळ्यांच्या पायात चिखलाचे बूट. दोघी बहिणी दुपारी मागच्या अंगणात कांद्यांच्या वेण्या घालत बसत. वेरोनची वेणी हमखास अर्धवट राहायची. बहीण ती हलकेच तिच्या मांडीवरून उचलून घ्यायची, आणि ऊन तोंडावर आलं तर खुर्ची सावलीत सरकवायची.